खिशातला फ्यूज

अहेरीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारा प्रणित आणि त्याचे शेतकरी काका बसले होते.

"मागच्या खेपेले ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर नव्या सॉफ्टवेअरचं पॅकेज टाकलं, आन् सेटिंग कराच्या आधीच त्यातली सर्व्हिस सोताच सुरू झाली. साऱ्या ऑफिसचं नेटवर्क बंद!"

"मंग आज?"

"आज पयले एक लहानशी फाईल ठेवली. पॅकेजनं सर्व्हिस सुरू करू का म्हनून इचारलं, का ते फाईल नाई म्हनते. पॅकेज चढलं, सर्व्हिस गप. सेटिंग केली, मंग मीच सुरू केली."

"कोनी बोंबललं नाई?"

"कोनाले पत्ताच नाई, काका."

"बेस केलं. आपल्या विहिरीवरच्या मोटरलेबी ऑटो हाये, लाईन आली का सोताच चालू होते. आपला गडी लटारू सकाळपासून त्याच विहिरीत उतरून गाळ काढून राह्यला."

"काका! लाईन तं दहालेच येते, आन् आता दहा वाजूनच राह्यले!"

"येऊ दे ना. फ्यूज हा पाह्य, माह्या खिशात."