'राजवट'चा कोनता भाग?

...अन् वरून तो कॉम्प्युटरवाला पोरगा मलेच म्हने, ‘काका, सोपं हाये!’ सोपं? आठ भाग हायेत त्या गेमचे, तुमाले सांगतो, आठ! पंचवीस वर्सांपासून काढूनच राह्यले ते लोकं, एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, नाव सगळ्यायचं एकच, ‘राजवट’, अन् त्यातल्या कोनत्याले आधी हात घालाव असं इचारलं की ज्याचं त्याचं बोट येगयेगळ्या दिशेले! बाकी दुनियाभरचं सांगतीन, पन सुरुवात कुठून कराव, हे कोनी धड सांगन तर शपथ!

आता तुमी म्हनसान, हा चंपत, मंगरूळपीरच्या बाजूले याचा मळा, वांगे, मेथी, सांबार इकनारा मानूस... सांबार म्हंजे कोथिंबीर, शहरवाल्यायसाठी सांगतो... अठ्ठावन वर्साचा झाला, याले कायले पाह्यजे गेम? ऐका ना. मुंगन्याच्या, म्हंजे तुमच्या शेवग्याच्या, झाडावरून पडलो. पाय मोडला. डॉक्टर म्हने, सहा हप्ते प्लॅस्टर, हलाचं नाई. आता ज्या मानसानं तीस वर्सं दिवस उगाच्या आत पानी सोडलं, त्यानं सहा हप्ते भिंतीकडे पाहाव काय? अन् त्या भिंतीपाशी काय, तर पोरीचा कॉम्प्युटर. दोन वर्सांपासून फडक्याखाली झाकेल.

हे पोरगी म्हंजे उज्ज्वला, आमची एकच. बी.एस्सी. झाली, परीक्षा देऊन राह्यली व्हती सरकारी नौकरीच्या, अन् मधल्या वेळात हेच, राजवट. जुन्या काळचं एखादं राज्य घ्याचं, शेती वाढवाची, सैन्य वाढवाचं, शेजाऱ्याशी तह कराचा, राजपुत्राचं लग्न लावाचं. मले काय समजते? परीक्षेत चार मार्कानं गेली अन् माहं डोस्कं फिरलं. गेलो अन् भिंतीतून वायरच ओढली. पोरगी ओरडली नाई, रडली नाई. एवढंच म्हनली, “बाबा, तीनशे वर्साचं राज्य व्हतं ते.” मी म्हनलं, “राज्य नाई, रिकामपन व्हतं!” महिन्याभरात नागपूरले कंपनीत लागली अन् गेली. तवापासून फोन मी उचलला तर तिकडून दोनच शब्द, “आईले द्या.”

मंग मी ठरवलं, पाहू तर खरं, काय व्हतं त्या तीनशे वर्सात. पन सुरुवात कुठून कराव?

धीरजले बलावलं, बस स्टँडपाशी त्याचं कॉम्प्युटरचं दुकान हाये. तो म्हने, “काका, आठवाच टाकतो. नवीन ते नवीन! मोबाईल घेतानी कोनी जुना घेते काय?” टाकला. तेवढ्यात दौलतसिंग गुरुजी आले पायाची चौकशी कराले. रिठदच्या शाळेत इतिहास शिकवत, आता रिटायर. खुर्ची वढली अन् वर्गातल्यासारखा आवाज, “चंपतराव! पोथी मधातून उघडतात काय? पह्यलाऽऽ भाग! तिथून क्रमाक्रमानं!” धीरज म्हने, “गुरुजी, पह्यला भाग पंचवीस वर्साचा जुना हाये!” गुरुजी म्हने, “मंग? इतिहास काय कालचा असते काय?” दोघायची अशी जुंपली बाप्पा, की चहाचे दोन कप झाले, प्लॅस्टर माहं, पन माह्याकडे पाहाले कोनी तयार नाई!

गुरुजीचा मान राखला, पह्यला लावला. अक्षरं खसखशीएवढी, सैनिक म्हंजे मुंग्या! मी राजा निवडला, चष्मा पुसला, तेवढ्यात राजा मेला. वारस नाई. खेळ खतम! गुरुजी म्हने, “असं झालेलं हाये इतिहासात.” अरे, पन मी तर बसलोही नव्हतो सिंहासनावर!

मंग आठवा. मोठंच्या मोठं राज्य घेतलं, म्हनलं मोठं हाये तर टिकन. खिडक्यावर खिडक्या उघडून राह्यल्या, वजीर नाराज, सरदार नाराज, रानीचा भाऊ नाराज, सगळं इंग्रजीत, अन् गुरुजी बाजूले बसून मले मराठीत नाराजी वाचून दाखवून राह्यले! मी म्हनलं, जाऊ द्या, आपल्याले जे येते ते कराव. सगळा खजिना कालव्यात घातला, इहिरीत घातला, बागाईत असं केलं की डोळे निवतीन. गुरुजी म्हने, “सैन्य?” मी म्हनलं, वांग्याच्या वावरात कोनी तोफ ठेवते काय? चवथ्या वर्सी शेजारचा राजा आला अन् बागाईतासकट सगळं घेऊन गेला. खरं सांगू? मले वाईट वाटलं. नुसत्या चार वर्साचं व्हतं, तरी जेवन गेलं नाई. अन् तिचं तीनशेचं व्हतं...

गोजराबाई, माही बायको, हे सगळं पाहून राह्यली व्हती. म्हने, “साऱ्या तालुक्याले इचारलं. जिनं चार वर्सं खेळला तिले इचाराले काय झालं?” मी म्हनलं, “मी काहून इचारू?” ती म्हने, “नका इचारू. पाहात बसा भिंतीकडे.”

दोन दिवस पाह्यलं. तिसऱ्या दिवशी लावला फोन.

“आईले द्या.”

“थांब. माहंच काम हाये. तो तुहा राजवट... त्याची सुरुवात कुठून कराव?”

तिकडून खुर्ची वढल्याचा आवाज आला.

“कोनाले खेळाचा हाये?”

“मले.”

अन् मंग, तुमाले सांगतो, दोन वर्सानं पोरगी माह्याशी सलग बोलली! “बाबा, तिसरा भाग. सगळ्यात सरळ तोच हाये. अन् मोठं राज्य घेऊ नका, कोपऱ्यातलं घ्या, एकाच बाजूनं शेजारी असन असं. पह्यले दहा वर्सं कोनाशी भांडाचं नाई, समजलं? थोडं तरी सैन्य ठेवाचं!” मी म्हनलं, “समजलं.” मंग म्हनलं, “उज्ज्वला... ते त्या दिवशी वायर ओढली ना मी... नव्हती ओढाले पाह्यजे.”

ती म्हने, “दर दहा मिनिटाले सेव्ह करत जा, बाबा.”

बस. एवढंच. पन मी फोन ठेवला अन् चष्मा पुसला, अन् गुरुजीले सांगतलं की तुमचा पह्यलाही नाई अन् धीरजचा आठवाही नाई.

तिसरा भाग दोघायले दोन गावातून खेळता येते. ती म्हने, मीच तुमची शेजारीन होतो. दहा वर्साचा तह केला. रोज संध्याकाळी सात वाजता मोबाईल कानाले, “बाबा, धान्य इका”, “बाबा, त्या सरदाराले हाकला”, अन् मधातच हापिसातलं, घरमालकिनीचं, मेसच्या भाजीचं. प्लॅस्टर निघालं, मी मळ्यात जाले लागलो, तरी सात वाजले की हातपाय धुऊन हजर!

अन् परवाच्या रविवारी पाह्यतो तर काय, माह्या सीमेवर तीस हजार फौज!

“उज्ज्वला! तह व्हता ना आपला?”

“दहा वर्साचा व्हता, बाबा. आत्ताच संपला.”

“अवो पन बापावर?”

“शरण येता का लढता?”

लढाले सैन्य पाह्यजे ना! माह्या राज्यात एक किल्ला, बाकी सगळे कालवे. म्हनलं, “आलो बाई शरण.” तिकडून अशी खदखदा हासली, अशी हासली, की राज्य गेल्याचं दुखनंच वाटे ना.

अंदरून गोजराबाईचा आवाज, “काय झालं हो?”

म्हनलं, “राज्य गेलं.”

“गेलं ना? मंग आता रिकामेच हाये तुमी. घ्या, मेथी निवडा.”

घेतली.