मधली काच

शिरूर स्टँडवर कवठ्याच्या गाडीची वाट बघत अनसाबाई बसल्या होत्या. शेजारी कारेगावचा एक कामगार मांडीवरची काचेची पेटी कवठ्यालाच निघालेल्या एका अनोळखी आबांना दाखवत होता.

“दोन फायटर मासे हायत, आबा. एकत्र सोडले तर जीव घेत्यात, म्हणून मधी काच.”

“काचंतनं दिसतंय की. आमी दोन एडक्यांमधी घोंगडं टांगायचो.”

“मीबी पुठ्ठा लावला. तर दोघं मलूल पडले, खाईनात.”

“मग?”

“रोज पाच मिनटं पुठ्ठा काढतो. फुलत्यात, काचंला धडका देत्यात, मग पोटभर खात्यात.”

कवठ्याची गाडी लागली. अनसाबाई उठल्या. आबा बसूनच राहिले.

“आबा, तुमची गाडी,” कामगार म्हणाला.

“जाऊ दे. खुटबावला कोणती जाती?”

“तिकडं कोण?”

“धाकला भाऊ. बारा वर्सं झाली, तोंड बघितलं न्हाई. आमी भांडलोबी न्हाई.”