दहा बोटं आणि एक सुई

मंडळी, ऐका! खोटं रचणारा मोठा पापी, की ते न तपासता पुढं ढकलणारा? थांबा, आधी एक आनंदाची बातमी सांगतो. टाळ वाजवले की गुडघेदुखी जाते — तज्ज्ञांनी सिद्ध केलंय!... हं! हलल्या माना! अहो, आत्ता इथं उभ्या उभ्या रचलं मी ते! लाज वाटू द्या जरा!

तर असेच एक रंगनाथबुवा. भजनी मंडळाचे म्होरके. बुवांनी अभंगाचा चरण उचलायचा, मंडळानं मागं धरायचा — ही आपली रीतच! पण मंडळाचा मोबाइलवर ग्रुप निघाला आणि रीत तिथंही शिरली. बुवांनी काही टाकलं, की खाली जोडलेल्या हातांची रांग!

एके दिवशी बुवांना कुठूनसं आलं — "लकवा भरला तर रुग्णाला हलवू नका! सुईनं दहाही बोटं टोचा, रक्त काढा, तोंड सरळ झालं की मगच दवाखाना!" बुवांनी पदरचं जोडलं, "अनुभवाचे बोल!" आणि दिलं ढकलून. कुणाचा अनुभव? कसला अनुभव? स्वतःला शिंक आली तरी डॉक्टरच्या दारात पहिला नंबर बुवांचा!

गावातल्या डॉक्टर मृणालताई त्याच ग्रुपात. त्यांनी लिहिलं, "बुवा, हे चूक आहे. लकव्यात वेळ घालवला तर माणूस जातो. तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं." बुवांचा पारा चढला! "चार बुकं शिकून आम्हाला शिकवता?" आणि काढलं बाईंना ग्रुपातून! खाली काय? जोडलेले हात!

पुढं बुवा पखवाजाला कातड्याची नवी पुडी बसवायला तालुक्याला गेले. घरी मंडळ सप्ताहाच्या तयारीला बसलेलं. बुवांची बायको सरूबाई चहाची किटली घेऊन आली — आणि किटली हातातून सुटली! तोंड वाकडं, उजवा हात लुळा! पखवाज्या धोंडिबा धावला. कुठं? सुई आणायला! मग लावला बुवांना फोन.

"बुवा, वहिनींना लकवा भरलाय!"

"अरे, जीपमध्ये घाला! निघा आधी!"

"असं कसं? तुम्हीच लिहिलंय, हलवायचं नाही! उजव्या हाताची बोटं झाली टोचून, डावा राहिलाय."

"खोटं आहे रे ते!"

"खोटं? आणि अनुभवाचे बोल?"

बुवा भर बाजारात ओरडले, "मला काही ठाऊक नाही रे! आलं, ते टाकलं! मृणालताईंना बोलवा, पाया पडतो तुमच्या!"

जिला हाकललं, तीच बाई सरूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. जीव राहिला, पण बोलणं गेलं. बुवांच्या मागं सगळ्यात गोड सूर सरूबाईंचा असायचा हो! आजही बुवा चरण उचलतात, मंडळ मागं धरतं. सरूबाई नुसते ओठ हलवतात. बुवा तिकडं बघतात आणि पुढचा चरण सोडून तोच चरण पुन्हा उचलतात.

डोळे कसले पुसता? राग येऊ द्या! त्या सरूबाईच्या बोटांत सुई कुणी खुपसली? एकट्या बुवांनी? की हात जोडणाऱ्या सगळ्यांनी? देवाचं नाव खुशाल मागं धरा. पण औषध सांगणाऱ्याला आधी विचारा, "बाबा, तुला कुणी सांगितलं?"

आणि अहो, खांबाला टेकलेले काका! मघापासून अंगठा कसला चाललाय मोबाइलवर? टाळानं गुडघे बरे होतात — टाकलंत ना ग्रुपवर? पाहिलं मी! काढा ते! आधी काढा! तोवर इथं आरती पेटणार नाही!