पुढची सीट

(वडीगोद्रीच्या फाट्यावर उभी काळी-पिवळी जीप. स्टेअरिंगवर कडूबा, मागच्या बाकावर त्याची बायको गिरिजा. पुढच्या सीटवर आत्ताच चढलेल्या द्वारकाबाई.)

गिरिजा : आता आनखी कामून थांबले?

कडूबा : दोन सीटा येऊन राह्यल्या पलीकडून. घेऊन घेतो.

गिरिजा : आज सीटा घ्यायच्या न्हाईत म्हनले होते ना तुमी?

कडूबा : पाय आपोआप ब्रेकवर गेला गं. वीस वर्सं झाली, ह्या फाट्यावर कोनी हात केला की गाडी थांबतीच. द्वारकामावशीनं हात केला, मंग काय करू?

द्वारकाबाई : मला अंबडलाच उतरायचंय बाबा. तुमी जोडीनं कुठं निघाले? लग्न हाय का कुनाचं?

गिरिजा : न्हाई मावशी. फिरायला निघालो.

द्वारकाबाई : म्हंजी देवाला.

गिरिजा : देवाला बी न्हाई. नुसतं पाहायला. उद्या ही गाडी चालली, मंठ्याच्या एका मानसानं घेतली. परवापून हे जालन्याला एमआयडीसीत, सळयाच्या कंपनीच्या गेटवर. बारा घंट्याची ड्युटी, सुट्टी कवा ते माहीत न्हाई. मंग म्हनलं, वीस वर्सं नुसतं ऐकलं, आज तरी दाखवा.

द्वारकाबाई : काय ऐकलं?

गिरिजा : रोज सांजच्याला हे घरी आले की सांगायचे. मी भाकरी करायची, हे चुलीम्होरं बसायचे. आज रोहिलागडला गेल्तो, डोंगरात लेन्या कोरल्यात, भर उन्हाळ्यात आत गार लागतं. आज शहागडच्या पुलावर गाडी उभी केली, गोदावरीचं पानी असं उतरलं, तसं उतरलं. आज अंबडच्या पुढं एक वड पाह्यला, त्यानं निजामाच्या टायमाचा मैलाचा दगड गिळला, नुसता उर्दूतला आकडा बाहेर राह्यला. माझं आर्धं आयुष्य त्या वडाखाली गेलं मावशी, आन् वड काही पाह्यला न्हाई.

द्वारकाबाई : तो वड? म्या पाह्यला की. ह्यानंच दाखवला, तीन साल झाले. सगळ्या गाडीला खाली उतरवलं होतं.

गिरिजा : सगळ्या गाडीला.

कडूबा : इंजन तापलं होतं गं तवा. थांबावंच लागलं.

गिरिजा : माझ्या टायमाला बरं तापत न्हाई इंजन.

कडूबा : किती बार म्हनलं तुला, चल.

गिरिजा : चल म्हनायचे, आन् गाडी भरली की उद्या म्हनायचे. पुढच्या सीटवर गुरुजी, नर्सबाई, लेकरंवाली, पोटुशी. बराबर हाय, त्यायचीच जागा ती. मी एकदाच बसले तिथं, बबलूच्या टायमाला, दवाखान्यात जाताना. कळा येऊन राह्यल्या होत्या, सगळ्या वाटंनं डोळे मिटलेले.

द्वारकाबाई : थांब रे कडूबा, गाडी काढू नको. मी मागं बसते. ये माय, तू ये पुढं.

गिरिजा : राहू द्या मावशी, गुडघे दुखतेत तुमचे.

द्वारकाबाई : ते मागं बी दुखतेत आन् पुढं बी दुखतेत. ये तू.

कडूबा : बस गं. अंबडला मावशी आन् ह्या दोन सीटा उतरल्या की आपुन दोघंच. मंग कुठंच थांबत न्हाई.

गिरिजा : पाहू.

(दुपार कलल्यावर, अंबडच्या पुढचा रस्ता. जीपमध्ये आता दोघंच, गिरिजा पुढच्या सीटवर.)

कडूबा : सुटलं एकदाचं अंबड. आता आपुन दोघंच.

गिरिजा : दिस कलला.

कडूबा : चुकलं माझं.

गिरिजा : सगळे उतरले, आन् तुमी स्टँडवर जाऊन गाडी नंबरात लावली. चार गाड्या पुढं. दीड घंटा आपला नंबर यायची वाट पाहत बसले, नंबर आला तवा कुठं ध्यानात आलं.

कडूबा : स्टँड दिसलं की हात तिकडंच वळतेत. तू तरी बोलायचं व्हतं.

गिरिजा : बोलनार व्हते. पन तुमी खाली उतरून ‘जालना, जालना’ वरडायला लागले. म्हनलं, उद्यापून हे न्हाई. वरडू द्यावं. लई वाईट वाटलं मला.

कडूबा : रोहिलागड आता होत न्हाई, लेन्यात अंधार पडला असंन. वड तेवढा होतो. हा पाय, आलाच.

गिरिजा : हा?

कडूबा : हाच.

गिरिजा : लहान हाय.

कडूबा : लहान कुठं? खाली दगड पाय ना.

गिरिजा : पाह्यला. आकडा आर्धाच दिसून राह्यला.

कडूबा : म्या पाह्यला तवा पुरा व्हता. मुळी वाढली मधी. उतर, जवळून पाय.

गिरिजा : दिसभर ऊन खाऊन बी गार हाय हो दगड. आन् हितं मुळीखाली कुनीतरी कुंकू लावलंय. तुमी कवा सांगितलं न्हाई हे.

कडूबा : म्या कवा जवळ गेलो? सीटा उतरायच्या, पाहायच्या. म्या इंजनात पानी घालायचो.

गिरिजा : परवापून सांजच्याला काय सांगताल मला?

कडूबा : गेटवरचं काय सांगू? ट्रक आला, ट्रक गेला. गाडी गेल्याचं न्हाई गिरजे, ह्याचंच खुपून राह्यलं मला.

गिरिजा : बायांला एसटीत आर्धं तिकीट हाय. तुमी ड्युटीवर गेले की मी रोहिलागडला जाईन, द्वारकामावशीला संगं घेऊन. मंग शहागडला. सांजच्याला तुमी आले की सांगत जाईन.

कडूबा : मला काय सांगती तू? म्या शंभर खेपा गेल्तो तिथं.

गिरिजा : मी सांगितलेलं कुठं ऐकलंय तुमी अजून.