पदवीचं डुक्कर

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ‘काही देणं नाही’ असा दाखला मिळाल्याशिवाय पदवी मिळत नाही. त्या खिडकीच्या रांगेत माझ्यापुढे फ्लोरेस बेटावरून आलेली एक आई आणि तिची लेक उभ्या होत्या.

“आज दाखला घेच, योविता. तुझ्या पदवीच्या जेवणासाठी पाळलेलं डुक्कर इतकं वाढलंय की आता जागचं उठत नाही.”

“दाखला घेतला की माझं इथलं खातं बंद होतं, आई.”

“होऊ दे की! प्रबंध कधीचा लिहून झालाय. गावात मला तोंड दाखवायची सोय नाही.”

“मग जगभरचे वैद्यकीय लेख उघडता येणार नाहीत.”

“तू शिकलीस मासळीचं. तुला वैद्यकी कशाला?”

“आपल्या गावच्या डॉक्टरीणबाईंना लागते. त्या विचारतात, मी इथून शोधून पाठवते. आपल्या दवाखान्याला कोण देतंय असलं खातं?”

“दुसऱ्या कुणाला तरी सांगावं त्यांनी.”

“सांगून झालं. कुणी करत नाही.”

“म्हणून तू इथेच म्हातारी होणार?”

“मीही दमलेय गं. म्हणून तर आज रांगेत आलेय.”

“योविता, आपल्या शेजारच्या मारियाच्या बाळाला झटके यायचे. बाईंनी कुठलंसं वाचून औषध बदललं, तेव्हा थांबले.”

“हो.”

“ते तू पाठवलेलं?”

“हो, आई.”

खिडकीतून आवाज आला, “पुढचं कोण?”

आई माझ्याकडे वळली.

“तुम्ही व्हा पुढे, ताई. आमचं डुक्कर अजून लहान आहे.”