तीन नंबरची शेड

न्हाय मिळायची म्हटलं न्हवं, पावणं? तीन नंबरची तर न्हायच न्हाय, कालच घासून काढलीया. अर्ज आणलाय म्हणून काय झालं—अर्ज सगळीच आणत्यात. आणि मग काय करत्यात? शेडच्या फरशीवर तीन दगडं मांडून चूल पेटवत्यात! 'चूल पेटवू नये' म्हणून पाटी हाय, त्या पाटीलाच टेकवून जळण ठेवत्यात. फरशी तडकती. तांबडा रस्सा सांडला की डाग आठ-आठ दिस निघत न्हाय, घासतंय कोण—मी, गुडघ्यावर बसून. आणि ही शिकली-सवरलेली माणसं पत्र्याखालच्या पायपाला साडी बांधून झोकं खेळत्यात. पोरं न्हवं, चांगली बायका-बापय! वर मलाच म्हणायचं, पिराजी लई खवाट हाय. अकरा वर्सं ह्या बागंतल्या चार शेडी सांभाळतोय, माणसासारखा वागून गेलेला एक बी बघितला न्हाय.

द्या बघू हिकडं कागद. कार्यक्रम कसला? जावळ! जावळ काय बागंत काढत्यात व्हय? घरात जागा न्हाय? आणि मामा कोण हाय? मामाच्या मांडीवर बसवून पयली बट मामानं कापायची असती, ठावं हाय न्हवं? का मामा बी मांडववाल्याकडनं आणणार हायसा? येतोय का न्हाय ते सांगता येत न्हाय? असलं कसलं घर हो ते! भाच्याच्या जावळाला येत न्हाय त्यो मामा कसला, आणि त्याला धाडत न्हाय त्यो बाप तर—

थांबा. चष्मा लावू द्या. आईचं नाव... तेजस्वी बसवेश... राहणार नेसरी.

मजी तुमी भीमाप्पा. बसवेशचं वडील. मग आल्या-आल्या सांगायचं की! माझ्याच तोंडनं मला शिव्या घालून घेतल्यासा आणि उभं ऱ्हायलासा खांबागत. आमी मराठे, तुमी लिंगायत—लगीन करताना माझ्या पोरीनं मला इचारलं न्हवतं, सांगिटलं हुतं. नुसतं सांगिटलं! तीन वर्सं झाली. मी बी मग राजवीरला, तिच्या भावाला, देवासमोर शपथ घ्यायला लावली—तेजूच्या घराचा उंबरा वलांडायचा न्हाय. वलांडला न्हाय त्यानं. गुणाचं पोरगं हाय. माझ्यासंगं जेवायला बसत न्हाय आताशा, ते जाऊ द्या. मला काय फरक पडतोय? नातवाचं नाव बी मी कुणाला इचारलं न्हाय. राजवर्धन का काय हाय म्हणं. हसला की उजव्या गालाला खळी पडती म्हणं. मला काय करायचंय!

खरं मला एक सांगा—नेसरीत तुमचं एवढं घर, फुडं एवढं अंगण, आणि ती पोराला काखंत मारून एवढ्या लांबनं हितं माझ्या शेडीत जावळ काढायला येती. कशापायी? मला खिजवायला, दुसरं काय! चार खांब आणि वर पत्रा, काय हाय त्या शेडीत? ना भित्ताड, ना दार, ना—

उंबरा न्हाय. शेडीला उंबराच न्हाय की ओ, पावणं.

लई शानी हाय कार्टी. आईवर गेलीया, माझ्यावर न्हाय.

हसतासा काय? हसू नगा. आयतवारी सकाळी धाला या. तुमच्यात मटण न्हाय तेवढं बरं, डाग तरी पडायचा न्हाय. झोका बांधलासा तर कापून टाकीन—बाळाला पाळणा लागला तर बांधा, खरं मधल्या पायपाला, कडंचा गंजलाय. राजवीर येईल. मी न्हाय येणार, सांगून ठेवतो. माझी ड्यूटी हाय तितं, म्हणून उभा असीन. जावा आता. जावा म्हटलं न्हवं!