वन्सं, हळू बोला!

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई फाईल घट्ट धरून बसली होती. आज तिचं पहिलं इंजेक्शन होतं. मागच्या बाकावर एक नणंद-भावजय कुजबुजत होत्या, पण कुजबुज अख्ख्या खोलीला ऐकू जात होती.

“वहिनी, रिपोर्ट पुन्हा वाच ना!”

“किती वेळा? औषध थांबवूनही रक्त नॉर्मल आहे म्हटलं ना!”

“तुझ्या पोटात गर्भाच्या जागी गाठ वाढलीय म्हटल्यावर माझी तर पाचावर धारण बसली होती.”

“खोटं! तुमचा डोळा माझ्या निळ्या साडीवर होता.”

“तो अजून आहे. पण डॉक्टरीणबाई खरं बोलल्या गं.”

“हो ना! या कॅन्सरमध्ये बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात म्हणाल्या, तर मला वाटलं, उगाच धीर देतायत.”

“आणि बाळाचं?”

“वर्षभर थांबायचं, रक्त तपासत राहायचं. मग खुशाल!”

“म्हणजे दादाला वर्षभर...”

“वन्सं, हळू बोला! लोक ऐकतायत!”

शिंपीणबाईला हसू आवरेना. ती मागे वळली.

“मलाही हेच झालंय. केस परत येतात का हो?”

भावजयीने डोक्यावरचा रुमाल सर्रकन ओढला. खाली नखभर कोवळे केस होते.

“हात फिरवून बघा की!”

शिंपीणबाईने हळूच हात फिरवला.

“अगंबाई! मखमल!”

“थांबा, आता माझी पाळी!” नणंद हात पुढे करत म्हणाली.